हौसेला मोल असतं!

‘हौसेला मोल नसतं’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्या कुणी ती काढली त्याला महिन्याच्या पंचवीस तारखेला घर चालवावं लागलं नसणार! हौसेला मोल असतं, आणि ते डब्यावर छापलेल्या किमतीपेक्षा बरंच जास्त असतं. हे मला कुठल्या लेक्चरमध्ये नाही, एका एअर रायफलच्या खरेदीत कळलं.

विषय वाचून दचकू नका. आपल्या मराठी विभागाच्या मॅडमसुद्धा आधी दचकल्या होत्या. मग म्हणाल्या, “लिही, पण ऱ्हस्व-दीर्घ बघून घे.” मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटची, त्यामुळे ‘एकोणसत्तर’ की ‘एकोणऐंशी’ हे ठरवायला मला अजून क्षणभर थांबावं लागतं. म्हणून या लेखातले बरेच आकडे अंकांत आहेत आणि दोनदा तपासलेले आहेत.

तर झालं असं. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं आणि आमच्या वसईच्या वन बीएचकेमध्ये माझी धाकटी बहीण नेमबाज झाली. म्हणजे मनाने! पुढच्या उन्हाळ्यात तिने दोन आठवड्यांचं शूटिंगचं शिबिर केलं. तिथे शिकाऊ मुलांना एक जुनी एअर रायफल आळीपाळीने मिळायची. शेवटच्या दिवशी ती टार्गेटचे कागद घेऊन घरी आली. गोळ्या, म्हणजे खरं तर छर्रे, कागदभर पसरलेले. कागद टेबलावर टाकून म्हणाली, “ताई, मला नाही जमत गं. सोड.”

ती नववीत आहे. त्या वयात ‘मला नाही जमत’ हे वाक्य एकदा डोक्यात बसलं की ते लवकर निघत नाही. माझ्या वर्गातले निम्मे लोक मॅथ्सबद्दल हेच वाक्य आठवीपासून सांभाळून आहेत.

पप्पा वसई पूर्वेला, वालीवच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टूलरूमला आहेत. ते रात्री जेवताना म्हणाले, “शेठकडून उचल घेतो. बाहेरदेशची घेऊ. घ्यायचं तर एकदाच, चांगलं घ्यायचं.”

आई म्हणाली, “आधी हिची कॉलेजची फी, मग तिची बंदूक.”

दोघंही बरोबर होते, हीच तर पंचाईत. शेवटी निकाल माझ्यावर सोडला, कारण आमच्या घरात इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतल्यापासून मिक्सरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं माझ्या खात्यात येतं. बजेट ठरलं दिवाळीच्या बोनसमधले २०,००० रुपये. त्यात पहिलं वर्ष बसवायचं. उचल घ्यायची की नाही, ते मी सांगायचं.

बाजारात उतरल्यावर कळलं की एअर रायफलीत मोबाइलसारखेच थर असतात. ढोबळ आकडे सांगते. चार ते सहा हजारांत अगदी साधी देशी रायफल. दहा ते पंधरा हजारांत नीट बनवलेली देशी. चाळीस-पन्नास हजारांत बाहेरची स्प्रिंगची, किंवा दाबाखालची हवा साठवणारी पीसीपी. आणि दोन लाखांच्या पुढे स्पर्धेच्या जर्मन-ऑस्ट्रियन रायफली: फाइनवर्कबाउ, वॉल्थर, स्टायर वगैरे. आमची पहिल्या दोन थरांत चर्चा चालू होती आणि पप्पांचं मन तिसऱ्या थरात होतं.

देशी म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण इथली गोष्ट गमतीची आहे. सिमेंटचे ह्यूम पाइप बनवणाऱ्या मुंबईच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने एअर रायफलीही बनवल्या. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या स्वस्त रायफली जर्मन डायना किंवा ब्रिटिश बीएसएच्या धर्तीवर आहेत. आणि आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यातली प्रेसिहोल ही कंपनी मुळात डीप होल ड्रिलिंगची मशीन बनवणारी, ती पुढे एअर रायफलीत उतरली. हे ऐकल्यावर पप्पांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. म्हणाले, “बॅरल म्हणजे शेवटी काय? सरळ भोक. आणि सरळ भोक हीच आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट.” मेकॅनिकलवाल्यांनो, गन ड्रिलिंग हे नाव आपण मॅन्युफॅक्चरिंगच्या व्हायव्हासाठी पाठ करतो, ते आलंय बंदुकीच्या नळीवरूनच.

एका शनिवारी मी आणि पप्पा वसई रोडहून चर्चगेट फास्ट पकडून फोर्टला गेलो. दुकानदार काका प्रेमळ होते. त्यांनी एक खोका पुढे केला. “ताई, हिच्यात पॉवर बघा. हजार फूट पर सेकंद! आणि वर दुर्बीण फ्री.”

खोक्यावरचा हा आकडा बघून इंजिनिअरिंगच्या मुलीने काय करायचं? गणित करायचं. हजार फूट म्हणजे सेकंदाला सुमारे ३०५ मीटर. साधारण छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. अर्धा एम व्ही स्क्वेअर केलं की उत्तर येतं साधारण २३ ज्यूल. आता आर्म्स रूल्स, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला लायसन्स लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद करतो. म्हणजे विनालायसन्स विकल्या जाणाऱ्या खोक्यावरचा हा वेग एक तर नेहमीपेक्षा हलका छर्रा वापरून काढलेला, नाही तर नुसताच छापलेला. आणि मुख्य म्हणजे तो हवाय कशाला? १० मीटरच्या स्पर्धेतल्या भल्या महागड्या रायफलींचा वेग सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास असतो. कागदाला भोक पाडायला तेवढा खूप झाला. दोन लाखांची रायफल पाच हजारांच्या रायफलीपेक्षा हळू मारते, हे कळलं तेव्हा माझी निम्मी खरेदी झाली होती. किंमत वेगाची नसतेच.

मग कशाची असते? त्यासाठी जत्रेत जाऊ. विरारला दसऱ्याला जीवदानीच्या पायथ्याशी जत्रा भरते. तिथे फुगे फोडायची बंदूक तुमच्यापैकी अनेकांनी धरली असेल. तिची साइट वाकडी असते, सगळ्यांना माहीत आहे. पण हुशार पोरगा काय करतो? पहिले दोन छर्रे डावीकडे गेले की तिसरा मुद्दाम उजवीकडे धरतो, आणि फुगा फुटतो. म्हणजे वाकडेपणा हा मोठा रोग नाही, कारण तो दर वेळी सारखाच असतो. खरा रोग म्हणजे एकदा डावीकडे, एकदा वर, एकदा कुठे तर देवीलाच ठाऊक! मेट्रॉलॉजीच्या पहिल्या लेक्चरला ॲक्युरसी आणि प्रिसिजनचा फरक सांगताना टार्गेटचं चित्र काढतात ना, ते चित्र इथे अक्षरशः विकायला असतं. ॲक्युरसी स्क्रू फिरवून आणता येते. प्रिसिजन विकत घ्यावी लागते. रायफलीचे पैसे आपण ‘दर वेळी तेच’ या तीन शब्दांसाठी मोजतो.

हे मोजायचं कसं? दुकानात तर मारून बघता येत नाही. नशिबाने आगाशीकडे आमच्या ओळखीच्या एका काकांची वाडी आहे. त्यांच्याकडे एक जुनी पाच-साडेपाच हजारांतली रायफल होती आणि एक बारा हजारांच्या थरातली. रविवारी आम्ही तिघं तिथे पोचलो. विहिरीच्या मागची जाड भिंत, वाडीत दुसरं कुणी नाही याची खात्री, दहा मीटर टेपने मोजलेले. गोधडीची गुंडाळी करून त्यावर रायफल टेकवली आणि पप्पांनी दोन्ही रायफलींनी दहा-दहा छर्रे मारले. मी सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं, मध्यापासून मध्यापर्यंत. स्वस्त रायफलीचा फैलाव ३६ मिलिमीटर. दुसरीचा १५.

मग धाकटीला स्वस्त रायफल उभ्याने मारायला लावली. फैलाव ६०. शिबिरातल्या कागदांइतकाच. तिचा चेहरा पडला. पण मला हवा तो आकडा मिळाला होता.

आता जरा लक्ष द्या, कारण लेखाचा जीव इथे आहे. रायफलीची चूक आणि नेमबाजाची चूक एकमेकींवर अवलंबून नसतात, त्यामुळे त्यांची साधी बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू समजा. कागदावर दिसतो तो कर्ण. कर्ण ६०, रायफलीची बाजू ३६, तर बहिणीची बाजू किती? ४८. तोच तो ३-४-५ चा त्रिकोण! दहा छर्ऱ्यांवरून काढलेला आकडा म्हणजे अंदाजच, पण वहीत लिहायला पुरेसा.

मग मी वहीत तिन्ही किमती मांडल्या. ४८ ची बहीण आणि ३६ ची स्वस्त रायफल: ६०. तीच बहीण आणि १५ ची रायफल: सुमारे ५०. तीच बहीण आणि दोन लाखांची, दोन मिलिमीटरची रायफल: ४८ आणि वर किंचित. म्हणजे पाच हजारांवरून बारा हजारांवर गेलं तर दहा मिलिमीटर मिळतात, आणि बारा हजारांवरून दोन लाखांवर गेलं तर फक्त दोन. मधली चाळीस-पन्नास हजारांची रायफल या दोन मिलिमीटरच्या आतच कुठेतरी बसणार. उचल घ्यायची ती यासाठी?

मी तिला काहीही न सांगता दुसरी रायफल दिली. दहा छर्रे. मोजलं: ५२. वहीत लिहिलेलं होतं ५०. आयुष्यात एवढं चांगलं प्रॅक्टिकल मी कॉलेजात केलं नाही, रीडिंग आधी ठरवून तर मुळीच नाही!

पण स्वस्त रायफलीचा खरा तोटा आजच्या ६० मध्ये नाही, पुढच्या सहा महिन्यांत आहे. समजा, धाकटीने घाम गाळला आणि स्वतःची बाजू ४८ वरून २० वर आणली. बाराहजारीवर तिला कागदावर दिसेल ५० वरून २५. निम्मं! आणि स्वस्त रायफलीवर दिसेल ६० वरून ४१. एवढी मेहनत करून छर्रे अजून काळ्या वर्तुळाबाहेरच. तिला वाटणार, आपण आहोत तिथेच आहोत. वाईट हत्यार नुसतं वाईट काम करत नाही, ते शिकणाऱ्याशी खोटं बोलतं. चूक कुणाची तेच कळू देत नाही. ‘मला नाही जमत’ हे वाक्य अशाच ठिकाणी जन्माला येतं.

याचा अर्थ महाग रायफली उगाच आहेत असा नाही. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, आणि आख्खं टार्गेट ४५.५ मिलिमीटरचं. छर्रा ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. आपल्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले होते. चाळीसच्या चाळीस! ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं. या लोकांची स्वतःची बाजूच एवढी छोटी असते की रायफलीचा एक मिलिमीटरही त्यांना महाग पडतो. दोन लाख त्यांच्यासाठी खर्च नाही, गरज आहे. आमच्या धाकटीसाठी ती चैन होती.

“मग घेऊच नका, क्लबची वापरा,” असंही एकजण म्हणाले. सल्ला खोटा नाही. अंजली भागवत एनसीसीतून आल्या आणि १९८८ मध्ये वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सुरुवात केली, स्वतःची रायफल घेऊन नव्हे. पण वसईहून दर आठवड्याला लांबच्या रेंजवर जायचं म्हणजे विरार लोकलची गर्दी, नववीचा अभ्यास आणि सोबत जायला घरातलं एक माणूस. म्हणून मध्यममार्ग काढला. सराव वाडीत, आणि महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन कोचकडून चुका काढून घ्यायच्या.

आता हिशोबाचा दुसरा भाग, जो दुकानात कुणी सांगत नाही. आठवड्यातून दोन दिवस, चाळीस-चाळीस छर्रे, म्हणजे वर्षाला ४,१६०. चांगल्या छर्ऱ्यांचा ५०० चा डबा आम्हाला ९०० रुपयांना पडला. वर्षाला नऊ डबे, ८,१०० रुपये. रायफल पडली ११,८०० ला. एकूण १९,९००. उरलेल्या शंभरात चर्चगेटला तिघांचा वडापाव-चहा झाला. उचल घेऊन पंचेचाळीस हजारांची आणली असती तर ती कपाटात ठेवून रोज पुसायची वेळ आली असती, कारण छर्ऱ्यांना पैसेच उरले नसते.

आणि ती फुकटची दुर्बीण? ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ याच्या बरोबर उलटा प्रकार. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, त्याने स्वस्त दुर्बीण लवकर ढिली पडते. शिवाय १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. फुकट मिळते म्हणून नको ती वस्तू घरी आणली की तिची किंमत रायफलीच्या नळीतून वसूल झालेली असते.

घेताना पप्पांनी जे बघितलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं म्हणून सांगते. नळी मोडून लोड करायची रायफल असेल तर ती बंद केल्यावर बिजागरीत किंचितही हलता कामा नये. हलली तर दर वेळी ‘तेच’ कसं होणार? नळीच्या तोंडाची कड गोल आणि बिनखरवडीची हवी, कारण छर्रा शेवटी तिलाच शिवून जातो. ट्रिगर दर वेळी एकाच ठिकाणी सुटला पाहिजे. लाकडाची पॉलिश, कोरीव काम, पट्टा हे सगळं शेवटी बघायचं. थोडक्यात काय, जे नंतर बदलता किंवा शिकता येतं त्यावर पैसे घालू नका. जे नंतर बदलता येत नाही त्यावर घाला. छर्रे अडवायचा लोखंडी पेटारा पप्पांनी वर्कशॉपमधल्या भंगारातून बनवला, आतला पत्रा तिरका ठेवून, म्हणजे छर्रा उलटून येत नाही.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरल्यावर शेजारचे आजोबा म्हणाले, “पाखरं मारायला आणली का गं?” आमच्या भागात वाड्या आहेत, बावखलं आहेत, त्यावर बगळे-खंड्या येतात, म्हणून प्रश्न आला. नाही आजोबा! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही कागदच फाडले असते. आणि होस्टेलवाल्या मित्रांनो, लेख वाचून कुणी रूमवर असली वस्तू आणू नका. रेक्टर सरांचं सोडा. दहा बाय दहाच्या खोलीत छर्रा भिंतीवरून उलटून डोळ्यात जाऊ शकतो. रायफल रिकामी असली तरी भरलेली समजायची आणि माणसाकडे कधीच रोखायची नाही, हा पहिला नियम धाकटीने वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलाय.

त्या वहीचं सध्याचं शेवटचं रीडिंग ३१ आहे. कुणी विश्वविजेती झालेली नाही. पण परवा वाडीतून आली आणि म्हणाली, “आज श्वास सोडायच्या आधीच ट्रिगर दाबत होते मी. म्हणून वर गेले.” ‘मला नाही जमत’ पासून ‘मी हे चुकीचं करत होते’ पर्यंतचा हा प्रवास आम्हाला ११,८०० रुपयांत पडला. माझी फी वेळेवर भरली गेली आणि पप्पांना शेठपुढे उभं राहावं लागलं नाही.

आपण सगळेच काही ना काही पहिल्यांदा घेणार आहोत. कुणी गिटार, कुणी कॅमेरा, कुणी लॅपटॉप. तेव्हा सगळ्यात स्वस्त बघू नका, सगळ्यात महागही बघू नका. आधी स्वतःची बाजू मोजा. हत्यार आपल्यापेक्षा थोडंसंच चांगलं असावं, म्हणजे कागदावर जी चूक दिसेल ती आपली असेल. आपली चूक असली की ती सुधारता येते.

(टी. ई. मेकॅनिकल)